आवाज मागें कां राहतो?

सड्यावर दूर कोणी लांकडें फोडीत असला, म्हणजे कुऱ्हाड ओंडक्यावर पडलेली आधीं दिसते आणि तिचा आवाज क्षणभरानें कानीं येतो. उन्हाळ्याच्या हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३५० मीटर चालतो. तेव्हां लांकूड फोडणारा तितक्या अंतरावर असेल तर दृश्य आणि ध्वनि यांत एका सेकंदाचें अंतर पडतें. या उशिराचें कोणास नवल वाटत नाहीं. परंतु तोच उशीर घरांतल्या पडद्यावर, दोन हातांवर, दिसूं लागला म्हणजे मन बेचैन होतें. पात्राचे ओठ मिटतात आणि वाक्य मागाहून ऐकूं येतें. संगणकास बिनतारी स्पीकर जोडणाऱ्या घरांतून ही तक्रार आतां सर्रास होते. ज्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली आहे तेथें तर ती अधिकच बुचकळ्यांत टाकते. कारण लिनक्समध्यें दुरुस्तीच्या किल्ल्या पुष्कळ, आणि कोणती किल्ली कोणत्या कुलपाची हें सांगणारा मनुष्य बहुधा जवळ नसतो.

देवगडास लागूनच असलेल्या जामसंडे गांवांतील एखादें चिरेबंदी घर डोळ्यांपुढें आणावें. थोरला मुलगा चाकरमानी म्हणून मुंबईस, धाकटा घरची आंब्याची बाग पाहणारा. घरांत आजोबा, आजी आणि शाळेंत जाणारी नात. संगणक जुना. विंडोज १० या प्रणालीची नेहमींची देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली, आणि विंडोज ११ असल्या जुन्या यंत्रास स्वीकारीत नाहीं. म्हणून मे महिन्याच्या सुटींत आलेल्या मुंबईच्या नातवानें त्यावर लिनक्स बसवून दिलें. आजोबांना ऐकूं कमी येतें, यासाठीं एक ब्लूटूथ स्पीकर त्यांच्या आरामखुर्चीशेजारीं ठेवला. तार नेली असती तर ती येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत आली असती.

आजोबांची आवड दशावताराची. जत्राजत्रांतून रात्रभर चालणारे हे खेळ आतां चित्रफितींच्या रूपानें घरबसल्या पाहतां येतात, आणि जागरण न सोसणाऱ्या वृद्धांची ती मोठीच सोय झाली आहे. मात्र दशावतारास लिहिलेली संहिता नसते. कथाभाग ठरलेला, संवाद पात्रांनीं रंगमंचावर ऐन वेळीं रचावयाचे. निसटलेलें वाक्य मागाहून पुस्तकांत पाहून घ्यावें म्हटलें तर पुस्तकच नाहीं. ज्याला ऐकूं कमी येतें तो मनुष्य, त्याला स्वतःला कळो वा न कळो, कांहीं शब्द कानानें घेतो आणि कांहीं बोलणाऱ्याच्या ओठांवरून उचलतो. ओठ आणि आवाज यांची फारकत झाली कीं मदतीस आलेले डोळेच त्याची दिशाभूल करूं लागतात. तरुण प्रेक्षकास जी नुसती गैरसोय वाटते, तिनें अशा वृद्धाचा खेळच हिरावून घेतला जातो. “अरे झिला, ह्याचा तोंड मिटला काय मगे माका आयकाक येता!” अशी आजोबांची तक्रार असेल, तर ती थट्टेवारी नेण्याजोगी नव्हे.

अशा वेळीं पहिला संशय संगणकाच्या मंदपणावर जातो, आणि तो बहुधा चुकीचा ठरतो. लिनक्समध्यें निरनिराळ्या कार्यक्रमांचा आवाज गोळा करून स्पीकरकडे पाठविणारा एक कारभारी असतो. २००४ सालीं सुरू झालेल्या ‘पल्सऑडिओ’नें हें काम पुष्कळ वर्षें केलें, अलीकडच्या बहुतेक लिनक्स-आवृत्त्यांत त्याची जागा ‘पाइपवायर’नें घेतली असून त्याची १.० ही आवृत्ति २०२३ मध्यें प्रसिद्ध झाली. हा कारभारी आवाजाचे लहान लहान घास करून पुढें ढकलतो. पाइपवायरचा ठरीव घास १,०२४ नमुन्यांचा. सेकंदास ४८,००० नमुने या हिशेबानें तो सुमारें २१ मिलिसेकंदांचा होतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. उलट साध्या ब्लूटूथ स्पीकरचा एकंदर उशीर सामान्यतः १५० पासून २५० मिलिसेकंदांपर्यंत, कधीं त्याहूनही अधिक, असतो. तेव्हां कारभाऱ्याचा घास निम्मा केला तरी हातीं दहा मिलिसेकंदच लागावयाचे. पुष्कळ हौशी मंडळी नेमकी हीच खटपट करीत बसतात, आणि आवाज तुटूं लागला म्हणजे कंटाळून नाद सोडतात.

मग उरलेला वेळ जातो कोठें? सीडीच्या दर्जाचा दुहेरी आवाज सेकंदास चौदा लाखांहून अधिक बिट मागतो. एवढें ओझें ब्लूटूथला भरंवशानें झेपत नाहीं. म्हणून संगणक आवाज दाबून बसवितो. दाबण्याची ‘एसबीसी’ ही पद्धति संगीतासाठीं केलेल्या प्रत्येक ब्लूटूथ स्पीकरास यावीच लागते, आणि तिच्या उत्तम दर्जांत हें ओझें सुमारें ३,२८,००० बिटांवर, म्हणजे चतुर्थांशाच्याही खालीं, येतें. दाबलेल्या आवाजाच्या पुड्या बांधावयाच्या, हवेंतून पाठवावयाच्या, एखादी हरवली तर पुन्हां पाठवावयाची, आणि पलीकडे स्पीकरनें त्या सोडून आवाज पूर्ववत् करावयाचा, असा हा व्यवहार आहे. पण यांतही मोठा वांटा बांधण्यासोडण्याचा नव्हे. तो आहे सांठवणीचा.

नळाचें पाणी थांबून थांबून येत असेल तर शहाणी गृहिणी पिंप भरून ठेवते आणि खालच्या तोटीनें संथ धार घेते. नळ घटकाभर थांबला तरी तिची धार तुटत नाहीं. मात्र आतां पिंपांत पडलेला थेंब तोटीशीं पोंचावयास वेळ लागतो. पिंप जितकें मोठें तितका धारेचा भरंवसा अधिक, आणि तितकाच थेंबाचा प्रवास लांब. स्पीकरांत असेंच आवाजाचें पिंप असतें. त्याला बफर म्हणतात. हवेंतून येणाऱ्या पुड्या कधीं भराभर येतात, कधीं अडखळतात. पिंप भरलेलें असलें म्हणजे गाणें मध्येंच तुटत नाहीं. स्पीकर घडविणारानें हा उशीर जाणूनबुजून पत्करलेला असतो.

येथवर दोष कोणाचाच नाहीं. बिघाड होतो तो निराळ्याच ठिकाणीं. चित्र दाखविणारा कार्यक्रम कारभाऱ्यास आधीं विचारून घेतो कीं, आवाज बाहेर पडावयास किती वेळ लागेल. आणि तितका वेळ चित्र थोपवून धरतो. तारेच्या स्पीकरविषयीं मिळणारें उत्तर बहुतेक बिनचूक असतें. ब्लूटूथमध्येंही स्पीकरनें आपला उशीर कळविण्याची तरतूद आहे. परंतु कित्येक स्पीकर तो कळवीतच नाहींत, आणि कित्येक नुसता अंदाजाचा आंकडा सांगतात. संगणक बिचारा त्या उत्तरावर विसंबून चित्र सोडून देतो. अर्थात् हा त्रास उशिराचा नसून लपलेल्या उशिराचा आहे. ठाऊक असलेला उशीर, मग तो दोन सेकंदांचा कां असेना, पाहणारास जाणवूंही नये अशी व्यवस्था करतां येते.

ही युक्ति बोलपटाइतकी जुनी आहे. ‘आलम आरा’ १९३१ च्या मार्चांत मुंबईस झळकला, आणि पुढील वर्षीं प्रभात कंपनीनें कोल्हापुरांत तयार केलेला ‘अयोध्येचा राजा’ आला. बोलपटाच्या ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर चित्रांच्या कडेनें ध्वनीची रेघ छापीत असत. प्रक्षेपणयंत्राच्या झरोक्यापुढें फीत अडखळत चालते: एक चौकट क्षणभर स्थिर, मग झटका, मग दुसरी, असें सेकंदास चोवीस वेळां. आवाज वाचण्यास मात्र फीत अखंड आणि एकसारखी धांवावी लागते. हीं दोन कामें एका जागीं होणें शक्य नव्हतें. म्हणून ध्वनि वाचणारा भाग झरोक्याच्या खालीं, सुमारें वीस चौकटींच्या अंतरावर, बसविण्यांत आला. म्हणजे चित्र आणि ध्वनि यांत पाऊण सेकंदाहून अधिक फरक खुद्द यंत्रानेंच पाडला. तो नाहींसा करण्याच्या भरीस कोणी पडलें नाहीं. छापतांनाच ध्वनीची रेघ चित्राच्या तितक्या चौकटी पुढें छापली, आणि प्रेक्षकांस शंकाही आली नाहीं. यंत्रांत फीत घालतांना चालकानें मधला झोळ कमीजास्त ठेवला, तरच नायिकेचे ओठ एकीकडे आणि पद दुसरीकडे असा प्रकार होई. जामसंड्याच्या त्या नातवास जें करावयाचें तें या चालकाचेंच काम आहे. झोळ किती हें मोजून तो नीट ठेवावयाचा.

तो किती काटेकोर हवा? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ सालच्या एका शिफारशीप्रमाणें आवाज चित्राच्या पुढें ४५ मिलिसेकंद धांवला तर पाहणारास तें कळूं लागतें. मागें पडला तर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत कळत नाहीं. खपवून घेण्याजोगी सीमा पुढें धांवण्याची ९० आणि मागें पडण्याची १८५ धरली आहे. हा पक्षपात निसर्गानेंच शिकविला असावा. आवाज मागून येणें ही जगाची रीत; आधीं येणें कधीं घडतच नाहीं. जत्रेंत भोंग्यापासून दूर, रंगमंचापासून चाळीस मीटरांवर बसलेला प्रेक्षक प्रत्येक शब्द शंभराहून अधिक मिलिसेकंद उशिरा ऐकतो, आणि त्याची कांहीं तक्रार नसते. म्हणून दुरुस्ती थोडी कमी झाली तर चालेल, अधिक होऊं देऊं नये.

मोजण्यासाठीं तर दशावतारासारखें साधन नाहीं. पेटी आणि पखवाज यांच्या जोडीला तेथें झांज असते. तिच्या दोन वाट्या एकमेकींवर आदळतात तो क्षण डोळ्यांस स्पष्ट दिसतो आणि आवाजही टोंकदार निघतो. चित्रपटाच्या चित्रीकरणांत प्रत्येक प्रसंगापूर्वीं फळी वाजवितात ती याच कारणानें. झांज स्पष्ट दिसेल असा भाग लावून मोबाइलच्या कॅमेऱ्यानें पडदा टिपावा. स्पीकर जवळच ठेवावा. सेकंदास ६० चौकटी घेणारा कॅमेरा असेल तर दर चौकट सुमारें १७ मिलिसेकंदांची. हें चित्रण संगणकावर ‘केडनलाइव्ह’सारख्या संपादनाच्या कार्यक्रमांत उघडून एकेक चौकट पुढें सरकवावी, आणि वाट्या कोणत्या चौकटींत मिळाल्या व आवाजाच्या रेषेनें उसळी कोठें घेतली हें पाहावें. मध्यें तेरा चौकटी गेल्या असतील तर उशीर २२० मिलिसेकंदांच्या आसपास आहे. एकाच आघातावर न थांबतां चारपांच आघात मोजून सरासरी काढावी. त्याआधीं दोन गोष्टींची खात्री करून घेणें इष्ट. एक, मोबाइलसमोर खरी टाळी वाजवून तीही अशीच तपासावी. टाळींतच अंतर दिसलें तर तें मोबाइलचें स्वतःचें होय, तेवढें वजा टाकावें. दुसरी, निवडलेली चित्रफीत संगणकाच्या अंगच्या स्पीकरवर आधीं पाहून घ्यावी. मुळांतच आवाज मागें असलेल्या चित्रफिती थोड्या नाहींत, आणि तसल्या चित्रफितीवर केलेला हिशेब पुढें प्रत्येक खेळाला बाधतो.

आंकडा हातीं आला म्हणजे तो योग्य जागीं लिहावयाचा. ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ हा छोटा कार्यक्रम पाइपवायरबरोबरही चालतो. त्याच्या ‘आउटपुट डिव्हाइसेस’ या पानावर स्पीकरचें नांव असतें. त्याखालचें ‘ॲडव्हान्स्ड’ उघडलें कीं ‘लेटन्सी ऑफसेट’ ही जागा दिसते. तेथें २२० लिहावें. यानें आवाज लवकर निघत नाहीं, आणि निघणें शक्यही नाहीं. “तुला वाटतो त्याहून या स्पीकरचा उशीर २२० मिलिसेकंदांनीं अधिक आहे,” एवढेंच कारभाऱ्यास कळतें. मग चित्र दाखविणारे बहुतेक कार्यक्रम तितका वेळ चित्र थोपवूं लागतात. संख्या धन असावी. ऋण लिहिली तर फरक दुप्पट होईल. एखाद्याच चित्रफितीपुरती दुरुस्ती हवी असेल तर ‘व्हीएलसी’मध्यें इंग्रजी ‘जे’ची कळ दाबली म्हणजे आवाज ५० मिलिसेकंद आधीं, आणि ‘के’ची दाबली म्हणजे तितकाच मागें सरकतो. दोन्ही उपाय एकदम करूं नयेत. तसें केलें तर चित्रच मागें पडतें, आणि ओठ हलण्यापूर्वीं शब्द कानीं येऊं लागतात.

ब्लूटूथऐवजीं घरांतील वाय-फायवरून आवाज घेणारे स्पीकरही असतात. ॲपल कंपनीची एअरप्लेची जुनी रीत तर सुमारें दोन सेकंदांचें पिंप भरूनच कामास लागते. नुसतें गाणें ऐकणारास त्याचें कांहीं वाटत नाहीं. कळ दाबल्यावर दोन सेकंदांनीं गाणें सुरू होतें, इतकेंच. माजघर, पडवी आणि स्वयंपाकघर यांत एकच भजन एका वेळीं वाजवावयाचें असेल तर ‘स्नॅपकास्ट’ नांवाचा कार्यक्रम असाच उशीर हेतुपुरस्सर घेतो, ठरीव मानानें एका सेकंदाचा. आवाजाच्या प्रत्येक पुडीवर ती कोणत्या क्षणीं वाजवावयाची ती वेळ लिहिलेली असते, आणि सर्व खोल्यांतील यंत्रें आपलीं घड्याळें परस्परांशीं मिळवून त्या क्षणाची वाट पाहतात. घड्याळें सतत मिळवीत राहावें लागतें. कारण दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा लाखांत पन्नास भागांचा फरक असला तरी तासाभरांत १८० मिलिसेकंदांची तफावत सांचते, आणि माजघरांतला टाळ पडवींतल्या टाळाशीं भांडूं लागतो.

चित्र थोपवितां येतें. मनुष्याचा हात थोपवितां येत नाहीं. घरांतील नात संगणकास जोडलेल्या कीबोर्डवर बोट ठेवते आणि सूर त्याच बिनतारी स्पीकरमधून यावा अशी अपेक्षा करते, तेथें वरील सारे उपाय लटके पडतात. मात्रा अर्ध्या सेकंदाची असेल अशा लयींत २०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे मात्रेचे दोन पंचमांश; लय दुप्पट झाली कीं चार पंचमांश. आपलाच सूर इतका मागून कानीं येऊं लागला म्हणजे शिकणारीचा हात अडखळतो, आणि दोष हाताचा आहे अशी तिची समजूत होते. ती समजूत फार वाईट. कित्येक मुलें तिच्यापायीं वाद्य सोडून देतील. येथें तारेचा स्पीकर अथवा कानाला लावण्याचें तारेचें साधन हाच उपाय. परंतु यावरून बिनतारी स्पीकर रियाजास निरुपयोगी असेंही समजूं नये. तानपुऱ्याचा अखंड स्वर उशिरा आला तरी त्याला उशीर म्हणण्यास जागाच नाहीं. तबल्याचा ठेका स्पीकरवर लावून त्याबरोबर खरी पेटी वाजविली तरीही बिघडत नाहीं. कारण ठेका सबंधच उशिरा येतो, आणि वाजविणारी कानीं पडणाऱ्या त्याच ठेक्यास धरून चालते. वाजविणाराचा स्वतःचा आवाज संगणकांतून फिरून परत येऊं लागला कीं मात्र लय जुळत नाहीं.

मुंबईस असलेल्या मुलाशीं संगणकावरून समोरासमोर बोलतांनाही चित्र थोपविण्याची युक्ति चालत नाहीं. बोलणें जिवंत, त्याला उत्तर द्यावयाचें असतें. दूरध्वनीच्या संभाषणांत एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आंत असावा असें त्याच दूरसंचार संघाचें मत आहे, आणि ब्लूटूथ स्पीकर बहुधा एकटाच तेवढा वेळ खाऊन टाकतो. दोघेही एकदम बोलूं लागतात, दोघेही एकदम थांबतात, आणि आजोबांस वाटतें कीं मुलगा घाईंत आहे. ब्लूटूथमध्यें दूरध्वनीसाठीं निराळी रीत आहे. तींत उशीर कमी, पण आवाज दूरध्वनीसारखाच किरटा. बोलण्यापुरती ती ठीक. खेळ पाहतांना तीच चालू राहिली नाहीं ना, हें ‘कॉन्फिगरेशन’च्या पानावर पाहून घ्यावें.

आतां थोडें घराविषयीं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालतें. पुष्कळसें वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह भट्टी याही त्याच पट्ट्यांत गलबला करतात. जाड चिऱ्याची भिंत, त्यांतही पावसाळ्यांत ओल धरलेली, या लहरी अडवते. पुड्या हरवूं लागल्या म्हणजे आवाज तुटतो, आणि जोडणी पुन्हां झाल्यावर उशीर पहिल्याइतकाच राहील असा नेम नसतो. म्हणून संगणक व स्पीकर एकाच खोलींत असावे, आणि घरचें वाय-फाय शक्य तर ५ गिगाहर्ट्झवर न्यावें. २०२० सालीं आलेल्या ब्लूटूथ ५.२ बरोबर ‘एलसी३’ ही आवाज दाबण्याची नवी पद्धति निघाली असून तिनें उशीर कमी करतां येतो. तथापि त्यासाठीं दोन्ही बाजूंची यंत्रें नवीं लागतात, जुन्या संगणकावर तिची भिस्त ठेवूं नये. स्पीकर बदलला, किंवा ‘कॉन्फिगरेशन’च्या पानावर एसबीसीऐवजीं दुसरी एखादी पद्धति निवडली, कीं पिंपाचा आकार बदलतो, झांज पुन्हां मोजावी लागते. मोजलेला आंकडा कागदाच्या चिठ्ठीवर लिहून स्पीकरच्या तळाशीं चिकटवून ठेवावा. संगणकानें तो विसरला तर धाकट्या नातीसही तो पुन्हां लिहितां येतो, आणि मुंबईस परतलेल्या नातवास त्यासाठीं दूरध्वनि करावा लागत नाहीं.